पहिल्या दाबाला

अंगणातल्या गोणपाटावर मांडलेला माल असा होता: चाकांचे सिलिंडर सहा, पुढचे चार आणि मागचे दोन. लोखंडी नळ्या पाच. रबरी होज तीन. तांब्याचे वायसर चौदा. ब्रेक ऑइलच्या बाटल्या दोन. आणि मधोमध, भूगावहून आणलेला, दोन कप्प्यांचा नवा मास्टर सिलिंडर. इंद्रजितने सगळं दोनदा मोजून वहीत लिहिलं. तिसऱ्यांदा मोजलं ते निव्वळ भीतीने.

भीतीचं कारण पडवीत बसून तांदूळ निवडत होतं. रंभाबाई, त्याची आजी. गेल्या आठवड्यात आजोबांची, म्हणजे हैबतराव आबांची, अठ्ठ्याहत्तर सालची अँबेसिडर उतारावरून आली आणि कोंबड्यांच्या खुराड्यात शिरूनच थांबली. कोंबड्या वाचल्या, पण त्या दिवसापासून एकीनेही अंडं घातलं नव्हतं. धरणाकाठच्या रिसॉर्टचा मॅनेजर निरंजन गाडी मागतच होता. बॉनेटमध्ये झेंडू लावून त्याला तिचा सेल्फी पॉइंट करायचा होता. रंभाबाईंनी त्याला बुधवारी टेम्पो घेऊन यायला सांगून टाकलं.

आबा दोन दिवस जेवले नाहीत. मग इंद्रजित मध्ये पडला.

"आजी, ब्रेक सगळे नवे बसवतो. एकदा बघ तरी."

"बगते की. बुधवारी उताराव्न सोडायची. अंगनात चुन्याची रेघ मारते. अलीकडं थांबली तर ऱ्हाईल. न्हाईतर झेंडू."

जुन्या ब्रेकला तीनदा पाय मारावा लागे. पहिल्या दाबाला मागचा लाल दिवा लागे, दुसऱ्याला गाडी विचार करी, तिसऱ्याला थांबे. म्हणून आबा वरच्या जांभळीपासूनच पाय मारायला लागत, तेव्हा कुठे गाडी अंगणात उभी राही. सगळ्या वाडीला हे पाठ होतं.

शिवाय पायाचा दाब नळ्यांत ढकलणारा जुना मास्टर सिलिंडर एका कप्प्याचा. कुठे एक नळी गळाली की चारही चाकं मोकळी. नव्यात पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. इंद्रजितने हे आबांना चित्र काढून समजावलं.

"म्हंजी एक रुसलं तर दुसरं काम करनार," आबा म्हणाले. "आमच्या घरात दोनी एकदम रुसत्यात."

नळ्यांमधली हवा काढायला इंद्रजित गाडीखाली शिरला, आबा सीटवर बसले.

"दाबा आबा! आणि धरून ठेवा!"

"पन्नास वर्सं धरूनच ठिवलंय. तू बुडबुडं मोज."

डाव्या मागच्या चाकातून तेवीस बुडबुडे निघाले, मग नऊ, मग एकही नाही. सगळं जोडून झालं आणि गोणपाटावर एक वायसर उरला. चौदा मोजले होते, चौदाच लागायला हवे होते. इंद्रजितने एकूण एक जोड पुन्हा उघडला. सगळीकडे वायसर होता.

"त्यो व्हय?" आबा म्हणाले. "त्यो माझ्या खिशातला. कमी पडाया नको म्हनून टाकला."

मंगळवारी त्याने सपाट रस्त्यावर गाडी स्वतः वीसदा थांबवून पाहिली. वीसही वेळा ती पहिल्याच दाबाला थांबली. तरी बुधवारी सकाळी त्याने ब्रेक ऑइलची पातळी आणखी दोनदा पाहिली. खाली चुन्याची रेघ होती, तिच्यामागे नवं खुराडं, बाजूला टेम्पो आणि टेम्पोला टेकलेला निरंजन.

"मी चालवतो," इंद्रजित म्हणाला.

"तुला कोन पुसतंय?" रंभाबाई म्हणाल्या. "रोज चालवनार त्येच. त्यास्नीच बसीव."

आबा वरून सुटले. त्यांच्या मागोमाग, रोजच्या सवयीने, दामू दूधवाला मोटारसायकलवरून येत होता. त्याचा हिशेब वीस वर्षांचा होता: पहिल्या लाल दिव्याला गियर बदलायचा, दुसऱ्याला हॉर्न, तिसऱ्याला ब्रेक.

जांभळ आली. तेव्हा इंद्रजितच्या लक्षात आलं की आपण सगळं मोजलं, आबांचा पाय तेवढा मोजायचा राहिला.

आबांनी सवयीने सगळ्या अंगाचा भार टाकून पाय मारला. गाडी जागच्या जागी थांबली. आबांची टोपी काचेवर गेली. थांबलेल्या गाडीत त्यांनी दुसरा दाब दिला, तिसराही दिला. दामूने पहिला दिवा पाहून शांतपणे गियर बदलला आणि मागून धडकला.

दामू रस्त्यात बसला. दुधाचा एक कॅन सुटला आणि सिमेंटच्या उतारावरून ठणठणत निघाला. निरंजन टेम्पोवर चढला. कॅनने रेघ ओलांडली, अंगणात एक गिरकी घेतली आणि खुराड्यापाशी येऊन उभा राहिला. आत एकच कालवा उठला.

"आबा, तीनदा दाबायचं ठरलंय ना आपलं?" दामू वरून ओरडला. "ह्यो काय वागन्याचा प्रकार झाला?"

"बिरेक बिघाडलाय!" आबा टोपी उचलून उतरले. "पयल्याच दाबाला धरतुय! निरंजन, घेऊन जा रं हिला. ही माझी गाडी न्हाई."

निरंजन दोर घेऊन पुढे झाला. रंभाबाई आडव्या आल्या.

"खबरदार. पयल्यांदा सांगितल्यावर थांबनारी या घरातली ही पयलीच चीज हाय. कुटं जायची न्हाई ती. तू दामूला घाल टेम्पोत अन् डेरीवर सोड."

टेम्पो गेल्यावर इंद्रजितने टेप काढला आणि वहीत लिहिलं. गाडी: रेघेच्या अलीकडे एकतीस मीटर चाळीस सेंटिमीटर. कॅन: रेघेच्या पलीकडे दोन मीटर दहा, खुराड्यापासून बावीस सेंटिमीटर.

संध्याकाळी त्याखाली एक ओळ वाढवली. अंडी: तीन.