दोन राज्यांचे गुण समान जाहले त्याची बखर

श्री. मैदानीचा क्षेत्रपाळ, जो दोही गोलखांबांस वास करितो, आणि वायुदेव, जो पंचाचे शिटीत राहतो, उभयतांस दंडवत. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिकमासी, या राज्याचे फुटबॉलवीर परमुलखी गेले आणि तेथे पायांची एक व गणिताची एक ऐशा दोन लढाया एकाच दिवशी लढले, ती हकीकत डोळां देखिली व कानी ऐकिली तैसी लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. वाचणाराने आपले मनी येईल ते घालावे.

हे राज्य डोंगरांतले, लहान. सपाट जागा थोडी, सबब पोरे उतरणीवर खेळत, आणि चेंडू ओढ्यात गेला म्हणजे खेळ संपला ऐसा तेथील कायदा. दर चार वर्षांनी सर्व पृथ्वीची थोर स्पर्धा भरत असे, तीस हे राज्य कधीही गेले नव्हते. म्हातारे "पुढचे खेपेस" म्हणत आणि मरत, मग त्यांचे पुत्र "पुढचे खेपेस" म्हणत. थोर स्पर्धेस जावयाचे तर आधी गटात लढावे लागते, त्याची रीत ऐसी की, एका गटात चार राज्ये, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन सामने करावे, एक आपले घरी आणि एक त्याचे घरी. जिंकणारास तीन गुण, बरोबरी जाहल्यास उभयतांस एकेक, हरणारास काही नाही. आणि सर्व सामने सरले म्हणजे वरील दोन राज्यांनी स्पर्धेस जावे, खालील दोघांनी घरी बसावे. आमचे गटात एक उत्तरेचे बलाढ्य राज्य, एक दर्याकाठचे राज्य, एक वाळवंटाचे राज्य आणि चवथे आम्ही. उत्तरेचे राज्य पाचही सामने जिंकोन अव्वल बसले होते. वाळवंटाचे राज्य पाचही हरोन तळी होते, एक गुणही पदरी नाही. आम्ही वाळवंटास दोन वेळ जिंकिले, उत्तरेशी एकवार हरलो, आणि दर्याकाठाशी घरी दोन गोलांनी जिंकोन त्यांचे घरी एका गोलाने हरलो, ऐसे आमचे नऊ गुण. दर्याकाठाचे सहा. उरला तो अखेरचा दिवस. आम्ही उत्तरेचे घरी खेळावे, आणि तेच समयी दर्याकाठाने आपले घरी वाळवंटाशी खेळावे. आम्हास नुसती बरोबरी साधली असती तरी काम फत्ते होते.

आमचे कर्णधार सिदोजीराव. वय छत्तिसाचे घरात आलेले, गुडघा पट्टीने बांधोन खेळत. ही त्यांची अखेरची मोहीम, आणि हे त्यांनी घरचे मंडळीखेरीज कोणास सांगितले नव्हते, परंतु त्यांची चाल पाहून सर्वांस कळले होते. गोल राखणारे गोंदाजी, अंगाने आडवे, स्वभावे लाजाळू. सर्वांस शिकविणारे वस्ताद रायाजी. आणि पथकाच्या चिटणीस गोदूबाई, गणितात पदवी घेतलेल्या, नियमांचे कलम न कलम वाचणाऱ्या. निघण्याचे पूर्वदिनी बाईंनी सर्वांस बसवोन सांगितले की, "दोन राज्यांचे गुण समान जाहले तर काय पाहतात ते ध्यानी धरा. आधी गोलांचा फरक पाहतात, म्हणजे सर्व सामने मिळोन मारिले किती आणि खाल्ले किती, त्याची वजाबाकी. तोही समान निघाला तर मारिलेले गोल किती हे पाहतात. तेही समान तर मग त्या दोघांचे परस्परांतील सामने पाहतात." वस्ताद हसोन बोलिले, "बाई, आम्ही बरोबरी करोन येतो. तुमचे हे शास्त्र तसेच घडी घालून ठेवा." बाई बोलिल्या, "ठेवते. परंतु घडी मोडावयास लागली तर हाक मारा."

मग सामन्याचा दिवस उगवला. उत्तरेची मंडळी आधीच अव्वल, सबब ढिली खेळतील ऐसे आमचे लोक समजत होते, परंतु त्यांचे घरची गर्दी साठ हजार, आणि घरचे गर्दीपुढे कोणी ढिला खेळत नाही. मध्यांतरापूर्वीच एक गोल चढला. मध्यांतरानंतर दुसरा चढला. आणि मग एक साधा चेंडू, उंचावरून आलेला, लेकरानेही धरावा ऐसा, तो गोंदाजींचे हातांतून निसटोन पायांमधून आत गेला आणि तिसरा जाहला. साठ हजार हसले. गोंदाजी तोंड झाकोन खांबास टेकले. सिदोजीराव लंगडत त्यांजपाशी गेले. गोंदाजी बोलिले, "दादा, मला बाहेर काढा. माझेने होत नाही." सिदोजीराव बोलिले, "बाहेर जाऊन काय करशील? तेथेही हेच आठवेल. गेला तो गेला. चवथा मात्र जाऊ देऊ नको, एवढे माझ्यासाठी कर." आणि पाठीवर थाप देऊन परत फिरले.

इतक्यात दर्याकाठी बसविलेला आमचा वकील दूरध्वनीवरून गोदूबाईंस वर्तमान देता जाहला की, दर्याकाठाने वाळवंटावर दोन गोल केले. म्हणजे तेही जिंकत होते, आणि त्यांचेही नऊ गुण होत होते. मैदानाचे कडेस एकच घबराट जाहली. वरील सज्जात आमचे अमात्य आपाजीपंत बसले होते. ते थोर मनुष्य, पथकास जोडे व बस त्यांनीच मिळवोन दिली, परंतु नियम त्यांस दुसरे एका स्पर्धेचा आठवत होता, जेथे परस्परांतील सामने सर्वांआधी पाहतात. त्यांनी वस्तादांकडे जासूद धाडिला की, "गुण समान जाहले तरी भिऊ नये. दर्याकाठाशी परस्परांत आपण दोन मारिले, एक खाल्ला, आपणच वरचढ. आता पुढे जाऊ नये, चवथा गोल खाऊ नये, सर्वांनी मागे उभे राहून किल्ला राखावा." वस्तादांस हे पटले. त्यांनी हात करोन सर्वांस मागे बोलाविले, आणि अकराही जण आपले गोलापुढे भिंत करोन उभे राहिले. तो गोदूबाई बसल्या जागेवरून धावत आल्या. "वस्ताद, हे काय करिता? ऐसे उभे राहिलो तर आपण घरी जातो!"

"अमात्यांची आज्ञा आहे, बाई. परस्परांत आपण वरचढ."

"परस्परांचे पाहतात ते सर्वांचे शेवटी! आधी फरक. आपण या मोहिमेत सहा मारिले, आणि आजचे तीन धरोन सहाच खाल्ले. फरक शून्य. त्यांनी आजचे दोन धरोन सात मारिले, सहा खाल्ले. फरक एक. ते पुढे, आपण मागे. परस्परांपर्यंत गोष्ट जातच नाही!"

वस्तादांचे तोंड उतरले. "मग आता किती मारावे?"

"एक. एकच मारिला की आपलेही सात, खाल्ले सहा. फरक समान, मारिलेले समान. मग परस्परांचे उघडतील, आणि तेथे आपण एका गोलाने पुढे आहोत."

"आणि मारावयास गेलो आणि चवथा बसला तर?"

"मग दोन मारावे लागतील," बाई बोलिल्या. "परंतु उभे राहून तर काहीच होत नाही."

वस्ताद क्षणभर सज्जाकडे पाहते जाहले, क्षणभर मैदानाकडे. मग दोही हात तोंडाशी धरोन ओरडले, "सिदोजी! पुढे! सर्व पुढे! एक गोल पाहिजे, एकच!" सिदोजीरावांस तीन गोलांनी हरत असता एक गोल कशास पाहिजे हे कळले नाही. परंतु बाई वस्तादांचे शेजारी उभ्या आहेत आणि एक बोट वर करोन आहेत हे त्यांनी पाहिले, आणि त्यांनीही एक बोट वर केले, आणि ते बोट एकाकडून दुसऱ्याकडे सर्व पथकात फिरले.

मग जे रण माजले त्याची गोष्ट डोंगरांत अद्याप सांगतात. आमचे सर्व पुढे गेले, मागे एकटे गोंदाजी. उत्तरेच्यांनी ते हेरले आणि चेंडू हिसकोन त्यांचा एक घोड्यासारखा धावणारा गडी एकटाच गोंदाजींवर चालोन आला. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. गोंदाजी घर सोडोन पुढे झेपावले आणि त्याचे पायांवर आडवे पडले, आणि चेंडू त्यांचे छातीवर आपटोन बाहेर गेला. गोंदाजी उठले तेव्हा ओठ फुटला होता आणि ते हसत होते. ते पाहून सर्वांस बळ चढले. घटका सरत आली असता आम्हास कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, गर्दीत एकमेकांस रेटा बसला, आणि सिदोजीरावांनी बांधल्या गुडघ्यानिशी उडी घेऊन माथ्याने चेंडू खांबाचे आतील बाजूस मारिला आणि तो आत गेला. साठ हजार लोक गप्प राहिले, कारण तीन गोलांनी पुढे असता एक गोल खाल्ल्याचे त्यांस काय? आणि आमचे अकरा मात्र ऐसे नाचले की जणू स्पर्धाच जिंकली. पंचाने पुसले, "हे वेडे जाहले काय?" थोडक्याच वेळात शिटी वाजली. आम्ही तीन विरुद्ध एक ऐसे हरलो.

परंतु दर्याकाठचा सामना सरला नव्हता. तेथे कोणी जखमी होऊन वेळ गेला होता, सबब पंचाने वेळ वाढवोन दिला होता. तेव्हा आमचे हरलेले वीर मैदानीच गोदूबाईंभोवती गोळा जाहले, आणि बाईंनी दूरध्वनी सर्वांस ऐकू येईल ऐसा धरिला. दर्याकाठाने आणखी एक गोल केला तर सर्व व्यर्थ. वकिलाचा आवाज येत होता, "दर्याकाठचे पुढे चालले... चेंडू बाहेर... पुन्हा आले..." आणि मग तो आवाज फाटला. "पेनल्टी! पंचाने दर्याकाठास पेनल्टी दिली!"

गोंदाजी गवतावर बसले. सिदोजीराव उभेच राहिले. वस्ताद पाठ करोन दूर गेले. वाळवंटाचे गोल राखणारे मीर नूरखान म्हणोन होते, उंच, सडपातळ, मोहिमेत बारा गोल खाल्लेले. त्यांचे राज्य पेनल्टी अडली तरी तळीच राहणार, न अडली तरी तळीच. त्यांस त्या चेंडूत काय मिळणार होते? ऐसे सर्वांचे मनी आले. मग वकील बोलिला, "मारणारा चेंडू ठेवितो... मागे जातो... धावला..." आणि पुढे नुसता गलका, काही कळेना. बाई ओरडल्या, "अहो, काय जाहले ते बोला!" वकील रडत होता. तो बोलिला, "अडविला! बाई, त्याने अडविला! डावीकडे पडोन एका हाताने... शिटी... संपला! संपला सामना!"

मग काय वर्णावे! सिदोजीरावांनी गोंदाजींस उचलिले, गुडघ्याची शुद्ध राहिली नाही. अमात्य आपाजीपंत सज्जातून धापा टाकीत खाली आले, आणि सर्वांदेखत गोदूबाईंस हात जोडोन बोलिले, "बाई, माझी आज्ञा मानिली असती तर मी राज्य बुडविले होते." बाई बोलिल्या, "पंत, नियमही दर स्पर्धेस वेगळा. गोंधळ कोणाचाही होतो." आणि मग त्याही रडल्या. उत्तरेचे साठ हजारांस वर्तमान कळले तेव्हा त्यांनीही उभे राहून टाळ्या पिटल्या, हा त्यांचा मोठेपणा.

डोंगरांत त्या रात्री कोणी दार लाविले नाही. परंतु सिदोजीरावांचे मनी एक गोष्ट राहिली. पुढील मासी ते अमात्यांची परवानगी काढोन, गोंदाजींस सवे घेऊन वाळवंटी गेले, आणि नूरखानांस शेला व श्रीफळ देऊन बोलिले, "खानसाहेब, आपण आम्हास तारिले." नूरखानांनी शेला घेतला, माथी लाविला, आणि बोलिले, "राव, खोटे का बोलावे? तुमचे राज्य मजला त्या वेळी आठवलेही नाही. दोन खाल्ले होते. तिसरा का म्हणून खावा?" गोंदाजी हे ऐकोन इतके हसले की डोळ्यांस पाणी आले, कारण गोल खाल्ल्याचे दुःख काय ते त्या दोघांसच ठाऊक. सिदोजीराव बोलिले, "तरी काही मागा." नूरखान थोडे विचारी पडले आणि बोलिले, "आमचेशी कोणी आपण होऊन खेळावयास येत नाही. गटात नाव निघते तेव्हाच येतात आणि जिंकोन जातात. थोर स्पर्धेस जाण्याआधी तुम्ही एक सामना आमचे येथे खेळा. सर्व ताकदीने खेळा, उपकार म्हणोन नको."

सिदोजीरावांनी वचन दिले, आणि आमचे पथक वाळवंटी गेले, आणि सर्व ताकदीने खेळले.

ऐसी ही हकीकत. सारांश इतकाच की, गुण समान, फरक समान, गोल समान, आणि परस्परांत एका गोलाने आमचे राज्य दुसरे जागी बसोन थोर स्पर्धेस गेले. दर्याकाठचे राज्य शर्थीने लढोन घरी राहिले, त्यांसही कमी लेखू नये. आणि वाळवंटीचा तो सामना एक-एक बरोबरीत सुटला. त्याचा गुण कोणतेही तक्त्यात मांडिला नाही, तरी त्या मुलखी पहाटेपर्यंत नगारे वाजत होते.