सात वाजताचे दिवे

आमच्या घरात इलेक्ट्रिशियनने पाऊल ठेवायचं नाही, असा माझा नियम आहे. मी असताना त्याची गरजच काय? कचेरीत टपालावर शिक्के मारतो म्हणून काय झालं, हात माझा इंजिनियरचाच! मिक्सर मी स्वतः उघडलाय, इस्त्री मी उघडलीय. ती पुन्हा जुळली नाहीत, हा भाग वेगळा.

त्यामुळे सासूबाई येणार म्हटल्यावर मी जाहीर केलं, "त्यांच्या खोलीपासून हॉलमधल्या खुर्चीपर्यंत दिव्यांची पट्टी लावतो. मोबाईलवर चालणारी!"

सासरे गेल्यापासून सासूबाई एकट्याच राहत होत्या. मागच्या महिन्यात संध्याकाळच्या अंधारात ठेचकाळून पडल्या आणि तासभर तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून बायकोच्या जिवाला घोर. आईने आता कायमचं आपल्याकडे यावं, एवढंच तिचं म्हणणं. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "आठ दिवस येते. करमलं तर राहीन, नाही तर माझं घर बरं."

म्हणजे आठ दिवसांत त्यांना करमायलाच हवं होतं! मी कामाला लागलो. काडेपेटीएवढी एक चिप, तिला जोडलेली लांबलचक पट्टी, पट्टीवर टिकलीएवढे शंभर दिवे. प्रत्येक दिवा वेगळा पेटवा, वेगळा विझवा, हवा तो रंग द्या! पट्टी चिकटवताना मी स्टुलावरून दोनदा पडलो. वायरींचे जोड टेपने गुंडाळले. चिपचं स्वतःचं वायफाय होतं, त्याला मोबाईल जोडायचा. पासवर्ड डब्यावरच छापलेला, एक ते आठ आकडे.

"तो बदला हो आधी," बायको म्हणाली.

"का? आपल्या दिव्यांवर काय दरोडा पडणार आहे?"

सासूबाई आल्या. पहिले दोन दिवस नुसता जयजयकार! सासूबाई न अडखळता खुर्चीपर्यंत येत होत्या. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तरसुद्धा बघून गेले आणि जाताना दुकानाचा पत्ता घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला आम्ही चहा पीत बसलो होतो. अचानक दाराजवळचा पहिला दिवा विझला. मग दुसरा. मग तिसरा. कोणीतरी सावकाश चालत आत येतंय आणि येता येता एकेक दिवा मालवतंय, असं ते चाललं होतं. विझत विझत अंधार सासूबाईंच्या खुर्चीपाशी आला. शेवटचा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला.

माझा मोबाईल टेबलावर होता. कोणीही हात लावलेला नव्हता!

सासूबाईंनी शांतपणे कप खाली ठेवला. "आले वाटतं," त्या म्हणाल्या.

"कोण?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"हे. दुसरं कोण असं दिवे घालवत फिरणार?"

माझ्या पाचावर धारण बसली. कारण सासऱ्यांचा सगळा जन्म लोकांच्या मागोमाग दिवे बंद करण्यात गेला होता. "वीज काय तुझ्या बापाची आहे का?" असं ते स्वतःच्याच मुलीवर खेकसायचे! मी मोबाईलवर धडाधड बोटं मारली. लाल केलं, हिरवं केलं. पट्टी ढिम्म! बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला, की तिची पाचही बोटं त्यावर उमटली.

चौथ्या दिवशी सातला तेच. पाचव्या दिवशी मी मोबाईल बंद करून कपाटात कोंडला. तरी तेच! पहिला, दुसरा, तिसरा... खुर्चीपर्यंत. पाच वाजल्यापासून मी घड्याळाकडे बघत बसायचो. एकट्याने बाथरूमला जाणंही सोडलं. बायको दाराबाहेर उभी राहून मोठमोठ्याने बोलत राहायची.

सासूबाई मात्र खुशीत! साडेसहालाच वेणीफणी करून खुर्चीत बसायच्या. दिवे विझले की हसायच्या. जेवणही वाढलं. सहाव्या दिवशी म्हणाल्या, "करमतंय हो मला इथे." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. भूत तर भूत, पण आई राहतेय!

सातव्या दिवशी सकाळी जिन्यात हेडमास्तर भेटले. तोंड उतरलेलं.

"तुमची ती पट्टी नीट चालते का हो?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "मीही तशीच आणली. पण ती झपाटलेली आहे! रोज सातला मी हजेरी घेतो. एकेक दिवा बंद करून बघतो, सगळे चालू आहेत ना. तर एकही ऐकत नाही! आणि पहिले दोन दिवस तर थोड्या वेळाने आपोआप लाल झाले, हिरवे झाले! पहिल्या दिवशी तर मी चपला न घालता खाली पळालो."

मी कपाळावर हात मारून घेतला. तेच दुकान, तीच पट्टी, वायफायचं नाव तेच, तोच पासवर्ड! त्यांचा मोबाईल माझ्या चिपला चिकटला होता आणि माझा त्यांच्या. ते माझ्या दिव्यांची हजेरी घेत होते, मी त्यांचे दिवे लाल-हिरवे करून त्यांना घाबरवत होतो. दोघांनी तिथेच पासवर्ड बदलले.

छाती फुगवून मी बायकोला सगळं सांगितलं. संध्याकाळी सात वाजले. दिवे पेटलेलेच. सव्वासात. साडेसात. सासूबाई दाराकडे बघत राहिल्या. मग काही न बोलता उठल्या आणि बॅग भरायला लागल्या.

"घालवलंत ना माझ्या बाबांना!" स्वयंपाकघरात बायको रडत माझ्यावर तुटून पडली. "आता आई जाणार, पुन्हा अंधारात पडणार!"

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठव्या, सातच्या ठोक्याला मी मोबाईल घेऊन बाथरूममध्ये दडून बसलो. घामेजल्या बोटाने पहिला दिवा घालवला. दुसरा. तिसरा...

"जावईबापू," बाहेरून हाक आली, "या आता बाहेर. बादलीवर किती वेळ बसाल?"

मी मान खाली घालून बाहेर आलो.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे तुम्हीच करताय," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारीला करमावं म्हणून पोरं रोज एवढा खटाटोप करतात, मला किती बरं वाटायचं! मीही मग 'आले वाटतं' म्हणायचे. काल बंद केलंत, तेव्हा वाटलं, कंटाळली पोरं मला. म्हणून बॅग भरली."

"अगं आई!" बायको त्यांच्या गळ्यातच पडली.

"आणि एकेक दिवा मालवण्याइतका धीर आमच्या ह्यांना कुठला?" सासूबाई हसल्या. "चिडले की सरळ मेन स्विच पाडायचे!"

खट्ट!

सगळं घर काळंकुट्ट. पट्टी, पंखा, फ्रिज, सगळं गप्प. खिडकीतून समोरच्या इमारतीचे दिवे लख्ख दिसत होते.

"हे तुम्हीच केलंत ना?" अंधारात सासूबाईंनी विचारलं.

"न... नाही."

 मग त्या हळूच म्हणाल्या, "बॅग ठेवा परत कपाटात."

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप इलेक्ट्रिशियनला बोलावलं. "जोड सैल आहे साहेब, कोणी केलाय हा गाढवपणा?" असं तो म्हणाला, आणि मी "आधीच्या भाडेकरूने" असं सांगितलं. जोड आठही दिवस सैलच होता, मग मेन स्विच नेमका त्याच क्षणी कसा पडला, हे मी त्याला विचारलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं.

सासूबाई आता आमच्याकडेच असतात. आणि मी खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतो. ॲपवरून नाही हो. उठून, बटण दाबून, आणि "केला बरं का बंद!" असं मोठ्याने सांगून.