सुलाबाईंची सवलतीतली पोथी

शेखरने बायकोला, उज्वलाला, शब्द दिला होता, की यापुढे घरात कॉमिकचं एक पानही येणार नाही. आलंच, तर पलंगाखालची पत्र्याची पेटी त्याच दिवशी भंगारवाल्याच्या गाडीवर चढणार होती. त्या पेटीत 'तारादला'ची सगळी जुनी कॉमिक्स होती, म्हणजे शेखरचं अख्खं बालपण होतं. उज्वला बोलल्याप्रमाणे करणारी बाई. तिने नुसतं रोखून पाहिलं तरी त्याच्या अंबडच्या कारखान्यातलं प्रेस मशीन हवेतल्या हवेत थांबेल, असं शेखरचं मत होतं.

आणि आज कारखान्यात चहाच्या सुट्टीत मोबाइलवर जाहिरात झळकली. 'तारादला'चे सगळे भाग, डिजिटल, ऐंशी टक्के सूट, फक्त आज!

"पान येणार नाही म्हणालो होतो," शेखर स्वतःशीच पुटपुटला, "यात पान कुठंय? जागाही लागत नाही." आणि त्याने बटण दाबलं.

अर्ध्या तासात उज्वलाचा फोन. "अहो, माझ्या मोबाइलला काय झालंय? साधा फोटो निघेना. जागा संपली म्हणतोय!"

शेखरच्या लख्ख ध्यानात आलं. घरातले सगळे मोबाइल त्यानेच स्वतःच्या ईमेलवर सुरू करून दिले होते. म्हणजे तारादल सगळीकडे उतरलं होतं. आईच्या मोबाइलवरसुद्धा! आई, म्हणजे सुलाबाई, आत्ता कॉलनीतल्या विमलाबाईंकडे बायकांना पोथी वाचून दाखवत असणार, तीही मोबाइलवरून. ते शिकवलंही त्यानेच होतं, "आई, सगळ्यात वरचं चित्र दाब, पोथी उघडते." आता सगळ्यात वर काय असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"साहेब, घरी जाऊ का? आई..." शेखरने सुपरवायझरला विचारलं.

"काय झालं आईंना?"

"अजून काही नाही. पण होईल."

शेखरने गाडी अशी पिटाळली, की त्याची सावली गरवारे पॉइंटच्या सिग्नललाच मागे राहिली.

विमलाबाईंच्या हॉलमध्ये बायका पुढे सरकून ऐकत होत्या. सुलाबाई चष्मा सावरून वाचत होत्या, "मग तो सात डोळ्यांचा राजा म्हणाला, मंगळ जाळून टाका!"

"मेल्याचं तळपट होवो!" विमलाबाईंनी पदराने डोळे टिपले. "आणि ती पोटुशी राणी गं?"

दारात उज्वला उभी होती. सासूबाईंचाही मोबाइल बिघडलाय का, हे विचारायला आलेली. तिच्या मागे धापा टाकत शेखर.

"आई, ही कसली पोथी?" उज्वलाने विचारलं.

सुलाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग घामाघूम झालेल्या लेकाकडे. क्षणभरच.

"मीच मागवलीय. सूट होती."

"तुम्ही?"

"का गं? म्हातारीनं आभाळाकडं बघू नये का?"

"उज्वला, मधे बोलू नकोस," विमलाबाई कडाडल्या. "राणी विवरात अडकलीय!"

उज्वला दारातच खाली बसली. मंगळाच्या राणीसाठी अख्ख्या कॉलनीशी वैर घ्यायची तिची तयारी नव्हती. शेखरने भिंतीला टेकून श्वास सोडला. मागे राहिलेली सावलीही तेवढ्यात येऊन पोचली.

परतताना सुलाबाई गाडीवर मागे बसल्या. "वाचली रे तुझी पेटी."

"तुला कसं कळलं?"

"पहिल्याच पानावर लिहिलंय, 'स्वागत आहे, शेखर. सवलतीतल्या खरेदीबद्दल आभार'. ते तेवढं मी मनात वाचलं."

"आई, तुझी पोथी परत सगळ्यात वर आणून देतो लगेच."

"आणशील रे. आधी राणी बाहेर निघू दे."

संध्याकाळी उज्वलाने चहाचा कप पुढे ठेवला आणि आवाज खाली आणला. "आईंना मी काही बोलणार नाही. सगळे मोबाइल एकाच खात्यावर, म्हणून माझाही भरला, एवढंच. या वयात असावा एखादा नाद. फक्त तुम्ही त्यांच्या नादी लागू नका."

"छे गं!" शेखर गंभीरपणे म्हणाला. "आईची शपथ."

आतल्या खोलीत सुलाबाईंना जोरात ठसका लागला.