दोन्ही गोलांना टाळ्या

फुटबॉलच्या मॅचला दोन्ही बाजूंच्या गोलला सारख्याच टाळ्या वाजवणारा माणूस कोल्हापुरात मी एकच पाहिला. तो आमचा आमदार होता.

बाहेरगावच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. खिलाडूवृत्ती म्हणून ते कौतुकही करतील. त्यांना काय जातंय? आमच्याकडं माणूस आधी पेठेत जन्मतो, मग घरात. खालच्या आणि वरच्या पेठेची मॅच असली की त्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या सुना वरच्या पेठेतल्या माहेरी फोनसुद्धा करत नाहीत. अशा गावात हे आमदार गुंडूनाना स्टेडियममध्ये मधल्या रेषेसमोर, पाहुण्यांच्या कोचावर बसायचे आणि गोल कुणाचाही होवो, चेहरा तोच, टाळ्या तेवढ्याच.

त्यात हे नाना आमच्या खालच्या पेठेचे. नुसते राहायला नव्हेत, आमच्या तालमीच्या टीमचे गोलकीपर; आमच्याकडं फुटबॉलच्या टीमाही तालमींच्याच असतात. मी त्यांच्यापुढं स्टॉपर खेळायचो. वयानं मी लहान, त्यामुळं नव्वद मिनिटं त्यांच्या शिव्या खायचं काम माझ्याकडं. "बापू, बॉल काय बघतोस? माणूस बघ माणूस!" असं मागनं ओरडायचे. एका फायनलला पेनल्टी अडवताना त्यांची डावी करंगळी मोडली ती कायमची वाकडी राहिली. पुढं निवडणुकीच्या पोस्टरवर त्यांनी हात जोडले, तेव्हा ती करंगळी तेवढी बाजूला निघालेली असायची. लोक नाव वाचायच्या आधी करंगळी ओळखायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नाना आमदार झाले आणि त्यांना समतोलाचं वेड लागलं. त्यांचं म्हणणं असं, की आमदार पेठेचा नसतो, शहराचा असतो. म्हणणं बरोबरच होतं, पण नानांनी ते फार मनावर घेतलं. दाढी वरच्या पेठेत करायचे आणि केस खालच्या पेठेत कापायचे. रविवारी अर्धा किलो मटण इकडच्या दुकानातलं, अर्धा किलो तिकडच्या. वहिनी एकदा वैतागून म्हणाल्या, "आवो, मटण शिजंल एका भांड्यात, पर तुमच्या ह्या दोन पेठा काय एकात शिजत न्हाईत." नानांनी त्यावर रश्शाची वाटी पुढं केली. "सगळी आपलीच हाईत की," म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सकाळी घराच्या कट्ट्यावर माणसं जमायची. कुणाची गटार तुंबलेली, कुणाच्या पोराला कॉलेजात जागा हवी. एकदा गडमुडशिंगीचा एक पाव्हणा आला. ते गाव नानांच्या मतदारसंघाबाहेरचं. मी कानात सांगितलं, "नाना, ह्येचं मत आपल्याकडं न्हाय." नाना मलाच खेकसले, "मत नसंना का! ह्येचा मेव्हणा आपल्या गल्लीत ऱ्हातोय. बापू, बॉल बघू नको, माणूस बघ." आणि त्याचं काम स्वतः उठून केलं.

मुंबईला विधानसभेतही तेच. एकदा वेळ संपल्यावर ते बोलत राहिले, तेव्हा अध्यक्षांनी घंटा वाजवली. नाना हात जोडून म्हणाले, "अध्यक्ष महाराज, वाजवा की. तुमीबी आपलंच हाईसा." सभागृह हसलं आणि नानांनी तेवढ्यात ड्रेनेजचा उरलेला अर्धा प्रश्न उरकून घेतला.

सकाळच्या पेपरात ते आधी रक्षाविसर्जनाच्या बातम्या वाचायचे. आमच्याकडं तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर अख्खी पेठ जमते आणि आमदार आला नाही तर ते घर पुढच्या निवडणुकीपर्यंत विसरत नाही. एकदा घाईत नाना भलत्याच घोळक्यात शिरले आणि "आप्पांच्या जाण्यानं तालमीचा आधारवड गेला" म्हणून रडवेले झाले. गेलेली होती एक म्हातारी. पण बोलले इतकं मनापासून, की म्हातारीचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "आईनं तालमीला लई दूध घातलंय, ते खरं हाय."

असा सगळा कारभार झोकात चालला होता. दुसऱ्यांदाही निवडून आले. खटकायची ती एवढीच गोष्ट, की नाना आमच्यात बसत नव्हते. स्टेडियमच्या पूर्वेच्या पायऱ्या आमच्या पेठेच्या. तिथं खांबाशेजारी नानांची जागा होती. खेळणं सुटल्यापासून आमदार होईपर्यंत त्यांनी तिथूनच रेफरीच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मला म्हणाले होते, "बापू, माझी जागा धरून ठेव हं. आमदारकी काय जल्माची नसती." मी काही दिवस धरलीही. पण पायरी कुणासाठी रिकामी राहत नाही. तिथं आमच्या तालमीचा धोंडीराम बसायला लागला.

या धोंडीरामाची ओळख करून द्यायला हवी, कारण तालमीच्या कोपऱ्यावरचा फळा तो लिहायचा. मॅच, वर्गणी, कुणाचा वाढदिवस, कुणाची जिरवायची, सगळं त्या फळ्यावर खडूनं येतं. पेठ पेपरवर विश्वास ठेवील न ठेवील, फळ्यावर ठेवतेच.

दुसरी टर्म संपत आली होती. त्या मोसमाच्या फायनलला आम्ही आणि वरची पेठ समोरासमोर आलो. आम्ही शेवटच्या मिनिटाला हरलो. बक्षीस द्यायला अर्थात नाना. त्यांनी वरच्या पेठेच्या कॅप्टनच्या हातात कप दिला आणि त्या पोरांनी आमदारांना थेट खांद्यावर घेतलं, गुलालानं न्हाऊ घातलं. नाना हसत होते. हसणार नाहीत तर काय करतील? दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, लालभडक नाना आणि वाकडी करंगळी. आमच्या फळ्यावर धोंडीरामानं एकच ओळ लिहिली, "नाना, गुलाल गोड लागला का?"

कुणी ती पुसली नाही. नानांनी येता-जाता वाचली असणार.

निवडणुकीत नाना पडले. आमच्याच पेठेतल्या मतांनी पाडले. वरच्या पेठेनंही हात वर केले. "गुलाल लावला म्हंजी मत दिलं, असं कुठं हाय?" असं त्यांच्यातलाच एक जण मला तोंडावर म्हणाला. मला त्या दिवशी दोन्ही पेठांचा मनस्वी राग आला होता. नाना मात्र कट्ट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आलेल्या प्रत्येकाला चहा देत, "सगळी आपलीच हाईत की," म्हणत होते. मला ते ऐकवेना.

मग थंडीत फुटबॉलचा मोसम सुरू झाला. आमची आणि वरच्या पेठेची मॅच लागली. त्या दुपारी नाना माझ्या दारात येऊन उभे राहिले. ज्या माणसाला स्टेडियमवर न्यायला मोटार यायची, तो चपलेचा अंगठा बघत म्हणाला, "बापू, मॅचला जाणार हाईस न्हवं?"

"व्हय की."

"मीबी येऊ?"

मी पायात चपला सरकवल्या. "नाना, इचारता काय? चला की," एवढंच म्हणालो.

रांगेत उभं राहून त्यांनी तिकीट काढलं. वाटेत पाहुण्यांचा तो कोच दिसला, त्यावर नवे आमदार बसले होते. नानांनी तिकडं पाहून रीतसर नमस्कार केला आणि पूर्वेच्या पायऱ्या चढायला लागले. पायऱ्यांवरच्या माना वळल्या. खांबाशेजारी धोंडीराम पाय पसरून बसला होता.

"काय नाना, इकडं कुठं वाट चुकलासा? तुमची जागा तिकडं कोचावर."

"तिकीट काढून आलोय रं धोंडीबा."

"तिकीट असंल. पर गोल कुणाचा झाला की टाळ्या वाजीवणार, ते सांगा आधी."

आजूबाजूचे हसले. कुणी सरकलं नाही. नाना कडेला उभेच राहिले आणि त्यांच्याबरोबर मीही उभा राहिलो. दोन टर्म ज्यांची गटारं उपसली, त्या पेठेत त्यांना टेकायला वीतभर दगड मिळत नव्हता.

पहिल्या हाफमध्येच आमच्या पोरानं लांबून मारलेला बॉल जाळ्यात गेला. पायऱ्या फुटल्यासारख्या ओरडल्या. नानांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी आपला पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट छातीवर फाडावा तसा उघडला आणि असे काही किंचाळले, की मैदानातला रेफरी वळून बघायला लागला.

शर्टाच्या आत आमच्या तालमीची जांभळी जर्सी होती. गोलकीपरची, जुनी, विटलेली. त्या पोटावर ती बसणं शक्यच नव्हतं, म्हणून दोन्ही कुशींना वेगळ्या जांभळ्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या होत्या. एक पट्टी जुनी, तिच्या बाहेर दुसरी, जरा नवी.

"ही कुठं गावली?" मी विचारलं.

"गावायला हरवलीवती कधी? दर मॅचला आतनं असायचीच. पोट वाढंल तशी तुझी वहिनी उसवून पट्टी लावायची." ओरडून त्यांचा आवाज बसला होता.

धोंडीराम जर्सीच्या गळ्याकडं बघत होता. तिथं गुलाबी डाग होता, धुऊनही न गेलेला. वरच्या पेठेचा गुलाल शर्टाच्या आत उतरून जांभळ्यापर्यंत पोचला होता. मग धोंडीरामानं पाय आवरले आणि शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "सरक की रं. नाना खांबाजवळ बसत्यात, ठावं न्हाय व्हय तुला?"

नाना बसले. मी त्यांच्या डाव्या बाजूला.

दुसऱ्या हाफमध्ये वरच्या पेठेनं बरोबरी केली. समोरच्या पायऱ्या नाचायला लागल्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं नानांचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले. मी डावा हात पकडला. वाकडी करंगळी तेवढी माझ्या मुठीबाहेर राहिली. नानांनी हळूच दुसरा हात मांडीखाली घेतला आणि समोर बघत राहिले. डोळे भरले होते.

"बापू," ते म्हणाले, "लई वर्सांनी त्यांच्या गोलचं मनापासनं वाईट वाटलं बघ. लई बरं वाटलं."