डबी एकच

हरणाबाईंचं गुरुवारचं मौन अकरा वर्षांचं होतं. सकाळी अंघोळ झाली की तोंड बंद, ते थेट दिवेलागणीला समई लावेपर्यंत. लिहून सांगणं हेही एक बोलणंच, म्हणून कागद-पेनही त्यांनी वर्ज्य केलं होतं. नवऱ्याला, नानासोंना, या व्रताची इतकी सवय झाली होती की घरातले महत्त्वाचे निर्णय ते शक्यतो गुरुवारीच घेत.

त्या गुरुवारी सकाळी विश्रामबागेतल्या त्यांच्या घरापुढे आप्पासाहेबांची गडद निळी गाडी उभी होती आणि तिच्या बॉनेटवर कोळ्यानं सावकाश बसून विणावं तसं बारीक रेघांचं जाळं पसरलं होतं.

आप्पासाहेब दोन गल्ल्या पलीकडे राहत. पाटबंधारे खात्यात त्यांची नि नानासोंची टेबलं अठ्ठावीस वर्षं शेजारी-शेजारी होती. सावलीत उभ्या गाडीलाही कव्हर घालणारा तो माणूस. गाडी त्यांनी कधी सख्ख्या भावाला दिली नव्हती. पण नानासोंना गावाकडं, आटपाडीच्या बाजूला, बिरोबाच्या जत्रेला जायचं होतं, तेव्हा त्यांनी किल्ली हातावर ठेवली आणि काचेगत सांभाळ, एवढंच म्हणाले.

जत्रेत भंडारा उधळला गेला. थोडा गाडीवरही पडला. बुधवारी रात्री परत आल्यावर कुणाचं लक्ष गेलं नाही. सकाळी पिवळी गाडी बघून नानासोंनी फडकं शोधलं, मग थबकले. देवाचा भंडारा साध्या फडक्यानं पुसायचा? त्यांनी वडिलांचं घोंगडं आणलं. गावाकडच्या मेंढराची लोकर, जत्रेत देवापुढं अंथरलेली. खाली रस्त्याची धूळ, वर ती राठ लोकर आणि पाण्याचा थेंब नाही. नानासोंनी बॉनेट भक्तिभावानं रगडून पुसलं. हळद गेली, रेघा आल्या.

हरणाबाईंनी हे तुळशीपाशी उभं राहून पाहिलं होतं. अंघोळ झालेली. त्यांनी घाईनं दोन टाळ्या वाजवल्या. नानासो मागं न बघता म्हणाले, "च्या नको आत्ता."

मग त्यांनी भाच्याला फोन लावला. राजवर्धनचं आष्ट्यात गॅरेज होतं आणि गाडीवरच्या रेघा घासून काढायचं मलम, कंपाउंड, त्याच्या रोजच्या हातातलं.

"एका कंपाउंडनं भागतं का रं?"

"भागतं की मामा, पन..."

नानासोंनी फोन ठेवला. 'पन'च्या पुढचं सगळं आष्ट्यातच राहिलं.

तासाभरात ते डबी घेऊन आले आणि दुकानदार कसा दोन डब्या गळ्यात मारत होता ते हरणाबाईंना ऐकवत बसले. "पयली रेघा काढती म्हनं आन दुसरी चमक आनती. आता मला सांग, रेघा गेल्यावर चमक कुटं जातीया? तितंच असनार की."

हरणाबाईंना यावर पुष्कळ सांगता आलं असतं. त्याच सकाळी त्यांनी पितळेचे देव घासले होते. आधी चिंच, मग बारीक राख हलक्या हातानं, मग कोरडं मऊ फडकं. राख जितकी चोळावी तितकी बारीक होत जाते आणि तकाकी त्या शेवटच्या बारीक हातातून येते, हे त्यांचे हात रोज बघत होते. पण नानासोंनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती वेळ मौनाची होती. नवरा त्यांच्या गप्प बसण्याला रुकार समजला आणि बाह्या सारून कामाला लागला.

जाडसर पंचा घेऊन, त्यावर लिंबाएवढं कंपाउंड थापून, अंगाचा सगळा भार घालून त्यांनी घासलं आणि ओलं असतानाच पुसून काढलं. रेघा खरोखर गेल्या. मात्र तिथं आरशावर श्वास सोडल्यासारखा एक पांढुरका डाग उरला. तो काढायला त्यांनी भोवतीनं घासलं. डाग ताटाएवढा झाला. मग परातीएवढा. अकरा वाजेपर्यंत अख्खं बॉनेट धुक्यात गेलं होतं आणि उन्हात त्यावर गोल-गोल फेरे दिसत होते, खळ्यात बैल फिरवल्यासारखे.

बाराला आप्पासाहेबांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी पहाटे साताऱ्याला जाऊन नातीला, प्रियदर्शनीला, चार दिवसांसाठी आणायचं होतं. आज संध्याकाळी सहाला गाडी न्यायला येतो म्हणाले. नानासोंनी बिनघोर ये म्हणून सांगितलं आणि पायरीवर बसून घेतलं.

"हरणे," ते म्हणाले, "अठ्ठावीस वर्सं शेजारी बसलो. साधं पेन मागितलं तरी आप्पा टोपन काडून द्यायचा. ह्ये बघितल्यावर तो मला वळखबी द्यायचा न्हाई."

जेवायला ते उठले नाहीत.

हरणाबाई आत गेल्या. देव पुसायला ठेवलेलं जुन्या लुगड्याचं मऊसूत कापड होतं. देवापुढं हात जोडून त्यांनी त्याचे चार तुकडे केले. बाहेर येऊन नवऱ्याच्या हातातून पंचा काढून घेतला, मसुराच्या डाळीएवढं कंपाउंड बोटावर घेतलं आणि वीतभर जागेवर चोळायला लागल्या. दाब नाही, घाई नाही. नामस्मरण करावं तसं एकसारखं. कंपाउंड आधी पांढरं होतं, मग पातळ झालं, मग तेलकट, मग दिसेनासं झालं, तरी हात थांबला नाही. मग दुसऱ्या कापडानं हलकं पुसलं. त्या वीतभर निळ्या रंगात हरणाबाईंचं कुंकू स्पष्ट दिसलं.

नानासो उठून उभे राहिले. "म्हनलं न्हवतं? एकच डबी."

हरणाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. एरवी तेवढं पाहणं म्हणजे अर्ध्या तासाचं बोलणं झालं असतं.

दोघं कामाला लागले. नानासोंचा दाब वाढला की हरणाबाई त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवत. दोनपर्यंत बॉनेट असं झळकू लागलं की दारं दुसऱ्याच कुठल्या गाडीची वाटायला लागली. म्हणून दारं घेतली. दारांमुळं टप मळकट दिसू लागलं, म्हणून टपही घेतलं. एका बॉनेटपायी अख्खी गाडी चोळणं आलं.

थंडीतला दिवस, लवकर कलला. शेवटचं डावं मागचं दार उरलं होतं. त्यावर खालच्या बाजूला एक जुना, खोल ओरखडा होता. नानासोंनी कंपाउंड घेतलं आणि हरणाबाईंनी त्या जागेवर सरळ तळहात ठेवला.

"येवडीच ऱ्हायलीया की. हात काड."

हरणाबाईंनी मान हलवली.

"आगं, समदी गाडी आरशावानी झाली आन ह्यो येक डाग ठिवू? आप्पा काय म्हनंल? मौन हाय तर मौनात ऱ्हा की, आडवी कशाला येतीस?"

हरणाबाई दाराला पाठ लावून खालीच बसल्या. त्यांनी तो ओरखडा नीट पाहिला होता. तीन वाकड्या पाकळ्या आणि एक लांब देठ. जमिनीपासूनची उंची चार वर्षांच्या मुलाचा हात पोचेल एवढी. हे सगळं खुणेनं सांगणं त्यांना साधलं नाही. त्यांनी तीन बोटं दाखवली. नानासोंना वाटलं, तीन मिनिटं थांब म्हणते. तेवढ्यात फाटक वाजलं.

आप्पासाहेब आले ते बॉनेटकडं बघितलं न बघितलं करून सरळ मागच्या दाराशी. हरणाबाई बाजूला झाल्या. आप्पासाहेब वाकले, बोटानं तो ओरखडा चाचपला आणि सुस्कारा टाकून उभे राहिले.

"हाय," ते म्हणाले. "दोन रात्री झोप न्हाई गड्या. म्हनलं नानासो गाडी घासून-पुसून देनार, आन ह्ये फूल जानार. प्रियूनं चौथ्या वर्साला खिळ्यानं काडलंय. आल्या-आल्या आदी ह्येच बघती. गॅरेजवाला दोन मिनटांत काडतो म्हनाला, त्याच्याकडं परत गेलो न्हाई."

नानासोंनी कंपाउंडचं बोट पाठीमागं नेलं.

बाकीच्या गाडीवरून आप्पासाहेबांनी एक नजर फिरवली. "धुतली वाटतं," म्हणाले.

सकाळपासूनचं सारं या दोन शब्दांत आटोपलं. नानासोंना मात्र आता एकच घाई होती. सूर्य मावळला होता, समई लागायला पाच मिनिटं होती, आणि समई लागली की हरणाबाई बोलणार, आणि बोलल्या की खरंच बोलणार. तुला पहाटे जायचंय, च्या परत कवातरी, असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याला सांगितलं. आप्पासाहेब पायरीवर बसले. म्हणाले, वैनींचं मौन सुटल्याबिगर कसा जाऊ.

हरणाबाईंनी समई लावली, हात जोडले आणि चहा घेऊन बाहेर आल्या.

"वैनी, गाडीनं तरास न्हाई न्हवं दिला?"

"गाडीनं न्हाई दिला, आप्पा," हरणाबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या घोंगड्यानं गाडीला दिला." आणि सगळं सांगितलं. भंडारा, रेघा, धुकं, काही ठेवलं नाही.

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. बॉनेटपाशी गेले, वाकून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. नानासो जमिनीकडं बघत होते.

"माझ्याच्यानं कवा अशी झाली न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "कंचं कंपाउंड? येकानंच भागलं?"

नानासोंची मान वर आली, छाती पुढं आली. "येकच डबी. इचार हिला."

हरणाबाईंनी पदर सावरला. दिवसभराचं साठलेलं पुष्कळ होतं, पण त्यांनी त्यातलं जरुरीपुरतंच घेतलं.

"डबी येकच लागती, आप्पा," त्या म्हणाल्या. "पन चोळनाऱ्यानं मौन धरायला पायजे."