यापूर्वीच्या सर्व सूचना रद्द

दवाखान्यात तीन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायल्यावर चौथ्या दिवशी निवृत्त हेडक्लार्कांचं डोकं फिरलं. माणूस पायाचं गळू कापून घ्यायला येतो, आणि हे लोक त्याची साखर तोडतात म्हणजे काय!

"सिस्टर, साखरेचं कुणाशी बोलायचं?"

"माझ्याशी नका बोलू, काका. रोजच्या फॉर्मवर लिहा. कॉम्प्युटर तो वाचतो आणि आम्हाला सूचना काढून देतो."

अर्ज! हेडक्लार्कांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. छत्तीस वर्षं त्यांनी परिपत्रकंच काढली होती. 'इतर माहिती'च्या चौकटीत त्यांनी झोकात लिहिलं, 'यापूर्वीच्या सर्व सूचना रद्द समजाव्यात. सदर रुग्णास चहात दोन चमचे साखर द्यावी. आदेशावरून.' खाली लफ्फेदार सही ठोकली.

दहा वाजता गोड चहा आला. "बघितलंस? लेखणीत दम लागतो," ते उशाशी बसलेल्या बायकोला म्हणाले.

तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. बायकोनं सवयीनं औषधाचं नाव विचारलं आणि ती ताडकन उठली. "अगं बाई, थांबा! यानंच मागे ह्यांचा श्वास कोंडला होता! फाइलवर लाल अक्षरात लिहिलंय ना?"

सिस्टरनं स्क्रीन पाहिला. लाल अक्षरं गायब! "काका, तुम्ही सगळ्या सूचना रद्द केल्यात. त्यात हीपण गेली."

हेडक्लार्कांनी गोड चहा बाजूला सारला. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या सहीला घाबरले.

डॉक्टरबाई धावत आल्या. "शिक्षा मान्य आहे," हेडक्लार्क पुटपुटले.

"शिक्षा कसली? पेशंटचं म्हणणं कुठलं आणि डॉक्टरचा हुकूम कुठला, हे यंत्राला कळायला नको? उद्या कुणी मुद्दाम लिहिलं तर? आज सगळ्या फाइली आम्ही हातानं तपासतो. आणि दुरुस्ती झाली की यंत्र पारखायला तुम्हीच या."

गळू बरं झालं. दर सोमवारी हेडक्लार्क कडक इस्त्रीत येऊन खोट्या रुग्णांच्या फॉर्मवर हुकूम सोडू लागले. 'अत्यंत तातडीचे', 'वरिष्ठांच्या तोंडी आदेशाने'. यंत्र दोनदा फसलं, दोनदा दुरुस्त झालं. तिसऱ्या महिन्यात त्यानं शांतपणे उत्तर दिलं, 'रुग्णाची इच्छा नोंदवली. डॉक्टरांची सूचना कायम.'

"वा रे पठ्ठ्या! माझ्या हाताखाली तयार झालाय!" हेडक्लार्कांचा ऊर भरून आला. सिस्टरनं चहा आणून दिला. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बिनसाखरेचा? अहो, मी आता इथला पेशंट नाही!"

"माहितीये, काका. काकूंचा फोन आला होता."

हेडक्लार्कांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, घुटमळला आणि परत आला. मग त्यांनी मुकाट्यानं चहा संपवला.