जर्मनीच्या दाराला आंबिवलीचा वॉचमन

मशीनमधले कपडे काढून वर आणायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्या दहा मिनिटांसाठी दिपिकाने सासऱ्यांना पहाऱ्यावर बसवलं. पुढे जे झालं त्यात कपड्यांचा काही दोष नव्हता.

सासरे म्हणजे दामाजी. राहणार आंबिवली. विठ्ठलवाडीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं गेटावर. शिक्षण चौथी. गेटावर शिक्षण लागत नाही, नजर लागते, असं त्यांचं मत होतं (आणि त्यांचं मत एकदा झालं की ते रिटायर होत नसे). एकदा खुद्द मालक नव्या गाडीतून आले आणि पास घरी विसरले. दामाजींनी त्यांना वीस मिनिटं उन्हात उभं केलं. मालकांनी पुढे सगळ्या कामगारांसमोर त्यांना घड्याळ भेट दिलं. (नंतर त्यांची बदली मागच्या गेटावर झाली, ती गोष्ट दामाजी सांगत नसत.)

त्यांचा मुलगा दिपेश पाच महिन्यांपूर्वी नोकरीसाठी बायको-मुलांना घेऊन जर्मनीला गेला. समृद्धी आठ वर्षांची, आर्यन तीनचा. समृद्धी शाळेत रुळली, जर्मन बोलायला लागली. आर्यन घरी. आर्यन घरी म्हणून दिपिकाही घरी. इकडे असताना तिने आंबिवलीहून रोज ठाण्याला जाऊन आठ वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं होतं. तिकडेही एका लॅबने तिला एक तारखेपासून बोलावलं होतं. पण आर्यनला बालवाडीत जागा मिळाली तरच. आणि तिथे बालवाडीत जागा मिळणं म्हणजे इकडे म्हाडाच्या सोडतीत नंबर लागण्यासारखं. पाच महिन्यांत दिपिका कुकरशी गप्पा मारायला लागली होती.

शेवटी एक जागा रिकामी झाली. बालवाडीच्या बाई मंगळवारी चार वाजता घरी येणार, मूल बघणार, घर बघणार, मग ठरवणार.

त्याच मंगळवारी दुपारी तळघरातल्या कपड्यांच्या मशीनवर दिपिकाची पाळी होती. चारपर्यंतच. चारनंतर आपले कपडे आत राहिले तर पुढच्या पाळीचा माणूस ते बाहेर काढून ठेवतो आणि वर चिठ्ठी लिहितो. दिपिकाला एकदा चिठ्ठी आली होती. तिचा अर्थ लावता लावता ती रडली होती.

म्हणून तिने पावणेचारच्या आत आंबिवलीला व्हिडिओ कॉल लावला. इकडे संध्याकाळचे सात वाजून गेले होते.

"बाबा, दहा मिनिटं पोरांवर लक्ष ठेवाल? मी खालून कपडे घेऊन येते. चारला बाई यायच्यात."

"ठेवतो. फोन दाराजवळ ठेव."

"मुलं आतल्या खोलीत आहेत, बाबा."

"मुलं कुठे जातायत? यायचं ते दारातनंच येणार."

दिपिकाने फोन चपलांच्या स्टँडवर उभा केला. दामाजींना पांढरं दार आणि चार जोड बूट दिसायला लागले.

"दार कुणाला उघडायचं?"

"कुणालाच नाही, बाबा."

"कुणालाच नाही," दामाजी म्हणाले. (ऑर्डर मिळाली की ती परत म्हणून दाखवायची, ही त्यांची जुनी सवय.)

दिपिका गेली. तिकडची दारं ओढली की आपोआप लॉक होतात आणि बाहेरून चावीशिवाय उघडत नाहीत. चावी आत खुंटीवरच राहिली. दामाजींना ती स्पष्ट दिसत होती. पण चावी आत असणं ही त्यांच्या मते चांगली गोष्ट होती.

चारला दहा कमी असताना बेल वाजली.

"कोण?" दामाजींनी आंबिवलीहून विचारलं.

समृद्धी धावत आली. "आई असेल."

"असेल म्हणजे काय? विचार."

बाहेरून आवाज आला, "समू, उघड गं! चावी आत राहिली. आणि बाई आल्यात, जिन्यातच भेटल्या!"

"बाई चारला येणार होत्या," दामाजी म्हणाले. "आता किती वाजले?"

"दहा कमी आहेत."

"मग त्या बाई नव्हेत."

चौतीस वर्षांत त्यांच्या गेटावर फॅक्टरी इन्स्पेक्टर आले, बॉयलरवाले आले, पाण्याचे नमुने घेणारे आले. तपासणीला आलेला माणूस वेळेआधी पोचला, असं एकदाही घडलं नव्हतं.

"आजोबा, पण आवाज आईचाच आहे."

"आवाज तिचाच आहे. पण तिला कुणी धरून आणलं असेल तर? आमच्या गेटावर एका कारकुनाला दोघांनी मधे धरून आणलं होतं. कारकून हसत होता."

बाहेर दिपिका त्या बाईंशी जर्मनमध्ये काहीतरी बोलली. दामाजींचा संशय पक्का झाला. आपल्याला कळू नये म्हणूनच माणूस दुसऱ्या भाषेत बोलतो.

"थांब, समू. मी सांगतो तसं विचार. म्हणावं, आजोबांच्या सकाळी सहाच्या चहात साखर किती?"

हा प्रश्न साधा नव्हता. डॉक्टरांनी दामाजींची साखर सात वर्षांपूर्वी बंद केली होती. सातचा चहा त्यांची बायको, सगुणाबाई, स्वतः करत, बिनसाखरेचा, आणि दामाजी तो सगळ्यांच्या देखत तोंड वाकडं करून पीत. पण त्याआधी सहाला, सगुणाबाई देवळात गेल्या की दिपिका त्यांना एक कप वेगळा द्यायची. दिपिका जर्मनीला जाईपर्यंत हे चाललं. जगात दोनच माणसांना ठाऊक असलेली गोष्ट. याहून चांगला पासवर्ड असूच शकत नव्हता.

फक्त सगुणाबाई मागे स्वयंपाकघरात आहेत, हे पासवर्ड ठरवताना त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

ते दिपिकाच्या मात्र लक्षात होतं. सात वर्षं सांभाळलेलं गुपित ती जिन्यात उभी राहून फोडणार नव्हती. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "अजिबात नाही! बाबा बिनसाखरेचा पितात!"

"चूक," दामाजी म्हणाले. "उघडू नकोस."

"आई, चूक आहे!"

"अगं, चूक कसं असेल? नीट विचार त्यांना!"

"परत सांग म्हणावं. खरं काय ते सांग."

"आजोबा म्हणतात, खरं काय ते सांग!"

बाहेर बादली खाली टेकली. मग दिपिकाचा आवाज, जरा खालच्या पट्टीत. "बाबा, खरंच सांगू? आई कुठे आहेत?"

"ते तुला कशाला हवं? उत्तर दे."

आत आर्यनने दाराजवळ येऊन "आई, आई" असं भोकाड पसरलं. बाहेर बाईंनी काहीतरी विचारलं.

"बाबा, त्यांना सव्वाचारला दुसऱ्या घरी जायचंय! दुसरं पण मूल आहे त्या जागेला! जातील त्या!"

"मग वेळ कशाला घालवतेस?"

दिपिकाचा बांध फुटला. ती असं ओरडली की तिसऱ्या मजल्याचं ते जाड दार, चार जोड बूट आणि दोन देश ओलांडून आवाज थेट आंबिवलीच्या स्वयंपाकघरात गेला.

"दोन चमचे! वर गुळाचा खडा! आणि सोबत खारी!"

उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. दामाजी "उघड" म्हणणार, तेवढ्यात त्यांना मागे मेथीचा वास आला. सगुणाबाई अर्धी निवडलेली जुडी हातात घेऊन उभ्या होत्या.

"किती म्हणाली ती?"

दामाजी फोनकडेच बघत राहिले. "चूक," ते म्हणाले. "उघडू नकोस."

"आजोबा," समृद्धी आता वैतागली, "मग बरोबर काय आहे? तुम्हीच सांगा ना. बाई जिना उतरतायत, मला पायांचा आवाज येतोय."

एका बाजूला नातवाची जागा, सुनेची नोकरी. दुसऱ्या बाजूला सात वर्षं. गेटावर त्यांनी कुणाचं खोटं कधी चालू दिलं नव्हतं. (स्वतःचं तिथवर कधी आलंच नव्हतं.)

"दोन," दामाजी म्हणाले.

"आणि?" सगुणाबाईंनी विचारलं.

"गूळ."

"आणि?"

"खारी होती थोडी."

सगुणाबाई फोनवर वाकल्या. "समू बाळा, उघड दार. आईच आहे ती. पळ, तिला सांग बाईंना थांबवायला."

दार उघडलं. दामाजींना ओल्या कपड्यांची बादली दिसली, दिपिकाचे धावत खाली जाणारे पाय दिसले, आणि मग कुणीतरी फोन बंद केला.

इकडे फोन बंद झाला, पण सगुणाबाई सुरू झाल्या होत्या.

"तुमची साखर उतरावी म्हणून मी सात वर्षं सोमवार धरले."

दामाजींनी बंद फोन उलटा करून ठेवला.

"डॉक्टरांनी गोळी दोनदा वाढवली. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? गोळ्याच बनावट आहेत. मी भर दुपारी ठाण्याला जाऊन दुसऱ्या दुकानातनं आणल्या. दोन्ही वेळेला."

दामाजींनी घड्याळाकडे बघितलं. ते मालकांनी दिलेलं होतं, पण त्याने मदत केली नाही.

गुरुवारी जर्मनीहून फोन आला. जागा मिळाली होती. दिपिका हसत होती, आर्यनच्या पाठीवर नवीन दप्तर होतं. बाईंना जिन्यात का थांबावं लागलं, ते तिने त्यांना सगळं खरं खरं सांगितलं होतं (दुसरं काही रचायला जर्मन पुरलं नव्हतं). बाईंनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि त्या कागदाची एक प्रत घरी दिली. मुलं अनोळखी माणसाला दार उघडत नाहीत, याचं त्यांनी कौतुकही केलं.

दामाजी खुर्चीत ताठ बसले. "माझ्याबद्दल काय लिहिलं?"

"तुमच्याबद्दल असं काही नाही, बाबा."

"आहे ना आई, या कागदावर आहे," समृद्धी म्हणाली. "घरातली माणसं, असं वर लिहिलंय. वाचू, आजोबा?"

"मोठ्याने वाच," दामाजी म्हणाले, आणि सगुणाबाईंनाही ऐकायला बोलावलं.

समृद्धी एकेक शब्द मराठीत करत वाचायला लागली. "आजोबा. भारतात असतात. मधुमेह आहे. पथ्य पाळत नाहीत. खोटं बोलतात, पण तीनदा विचारलं की कबूल करतात."

सगुणाबाई चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या, "बाई हुशार आहेत. मी चाळीस वर्षं दर वेळी एकदाच विचारत आले."